दोनशे वर्षांची मळमळ

माझ्या आईची मंडईतली जागा माझ्यामुळे गेली. हे मला समज आल्यापासून ठाऊक आहे, कारण आई ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. रागाने नव्हे. आज कोथिंबीर कोवळी आहे हे ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात.

आई पालेभाजी विकायची. मंडईच्या छपराखाली, एका दगडी खांबाला टेकून, चार फूट जागा. माझ्या वेळी तिला दिवस गेले आणि नेमका कोथिंबिरीचाच वास सोसेनासा झाला. गिऱ्हाइकासमोर जुडी झटकायची आणि तोंड फिरवून पदरात ओकायचं, असं तिने आठ दिवस रेटलं. मग गिऱ्हाइकं पलीकडच्या बाईकडे वळायला लागली. आई महिनाभर घरी पडून राहिली. परत गेली तेव्हा खांबाला दुसरीच बाई टेकलेली. "तुला बरं न्हवतं, जागा मोकळी दिसली, बसले," एवढंच ती म्हणाली. भांडण झालं, पण बसलेल्या माणसाला उठवणं फार अवघड. तेव्हापासून आई बाहेर रस्त्यावर. उन्हात डोक्यावर घ्यायला पोतं, पावसात खाली टाकायला पोतं, आणि पोतं एकच. वडील हमाल. माझ्या सहाव्या वर्षी त्यांची पाठ गेली आणि आम्ही चार भावंडं, दोन ती, असा सगळा संसार त्या पोत्यावर येऊन बसला. शाळेआधी मी मेथीच्या जुड्या बांधायची. माझ्या वह्यांना बारा महिने मेथीचा वास. शेजारच्या बाकावरच्या मुली बाईंकडे जागा बदलून मागायच्या.

अशा घरातून मी बी. ए. झाले. इतिहास घेऊन, दुसऱ्या वर्गात. आमच्या दोन्हीकडच्या कुळांत कॉलेजची पायरी चढलेलं त्याआधी कुणी नव्हतं. हे मी अभिमानाने लिहिते आहे. ज्यांना तो अभिमान खटकेल त्यांनी पुढचं पान उलटावं, दिवाळी अंकात फराळाच्या कृतीही असतात.

नोकरी लागली ती मोडी वाचायची. ज्या संस्थेत लागली तिचं नाव लिहीत नाही. पुण्यात इतिहासाच्या संस्था इतक्या, की कुणीही अंगाला लावून घेईल. पेठेतली जुनी इमारत, समोर अंगण, अंगणात एक बुटकी तोफ. ती तोफ कोणत्या लढाईत उडाली यावरून संस्थेत दोन पक्ष होते आणि ते एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नसत.

मोडी म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. पेशवाईतला कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत सुटायचा. लेखणी उचलायची नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही. शब्द कुठे तुटतो ते आपण ओळखायचं. असे हजारो कागद कापडाच्या चौकोनात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आमचं काम जोडीने चाले. एकाने रुमाल सोडून कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने समोर बसून बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवायचा. मी उतरवणारी. वाचणारे वामनराव.

वामनराव साठीचे, शिडशिडीत, तपकीर ओढणारे. दिवसाला चार वाक्यं बोलत आणि त्यातली तीन कुणाला तरी लागत. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "अक्षर बरं आहे तुमचं. इतकं चांगलं अक्षर असलं की माणूस विचार करत नाही." मग वर्षभर आणखी कौतुक केलं नाही.

आणि सगळ्यांच्या वर भाऊसाहेब. संस्थेचे चिटणीस, नावाजलेले संशोधक, कडक इस्त्रीचा सदरा. मुलाखतीत त्यांनी मला मोडीचा एक कागद दिला. मी तो घडाघडा वाचला. मग विचारलं, "लग्न झालंय?"

"हो. सहा महिने झाले."

"मग अवघड आहे. मागे एक बाई ठेवल्या होत्या. उत्तम वाचत. वर्ष भरायच्या आत घरी बसल्या. बाईमाणूस कामाला चोख असतं हो, टिकत नाही. आपलं एक वर्ष उमेदवारीचं. त्यात लांबलचक रजा पडली तर विषय संपला. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. काय म्हणणार? कायदा होता म्हणे याबाबतीत, पण आमच्या फाटकावर "कामाशिवाय आत येऊ नये" अशी पाटी होती. ती वाचून तो बाहेरूनच परत गेला असावा.

उमेदवारीचा नववा महिना संपत आला आणि माझी पाळी चुकली.

आमचं घर विश्रांतवाडीला, नवरा कारखान्यात. त्याला सांगितलं, तो हसला, मग नोकरी आठवून बोटांवर महिने मोजायला लागला. सासूबाईंनी नारळ फोडला आणि बजावलं, "तिसरा सरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. दृष्ट लागते." एरवी मी असल्या गोष्टींवर वाद घालते. बी. ए. केलं ते कशासाठी? पण या वेळी दृष्टीपेक्षा मला भाऊसाहेबांची भीती जास्त होती. उमेदवारी संपायला तीन महिने होते. तिसरा महिना सरायला दोन. मी गप्प राहायचं ठरवलं. माझं पोट गप्प राहायला तयार नव्हतं.

दिवस गेलेल्या बाईच्या नाकाला काय होतं ते पुरुषांना सांगून कळत नाही. विश्रांतवाडीच्या बसमध्ये चढले की शेवटच्या बाकावरच्या माणसाने सकाळी काय खाल्लं ते मला पहिल्या बाकावर कळायचं. एके दिवशी अर्ध्या वाटेत उतरून गटाराशी बसले, तर कंडक्टर वरून म्हणाला, "ताई, तिकीट पुढपर्यंतचं आहे, वाया जातंय."

बस एक वेळ परवडली. पण दफ्तर! रुमालाची गाठ सुटली की आधी डांबरगोळ्या येतात. मागून वेखंड, वाळलेला कडुनिंब, झुरळांची लेंडी आणि या सगळ्यांखाली जुन्या कागदाचा तो आंबूस, ओलसर वास, जो आमचे संशोधक डोळे मिटून छातीत भरून घेतात आणि "इतिहासाचा सुगंध" म्हणतात. त्यात फाटके कागद सांधायला मागच्या खोलीत खळ शिजायची, मैद्याची, मोरचूद घातलेली. ती रटरटायला लागली की पेशवाई, अटक, कटक, सगळं माझ्या घशाशी यायचं.

बाहेर जायची सोय अशी, की मोरी एकच, अंगणाच्या टोकाला, आणि पाहुणे घाण करतात म्हणून तिला कुलूप. किल्ली भाऊसाहेबांच्या खणात. म्हणजे प्रत्येक उलटीला चिटणिसांची मंजुरी. पहिल्या दिवशी दोनदा गेले. तिसऱ्यांदा भाऊसाहेब म्हणाले, "पोट बिघडलंय का जगतापबाई?"

"हो, जरा."

"त्रिफळा घ्या. रात्री कोमट पाण्याबरोबर." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरून पुडी आणली. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त दोनशे वर्षांच्या अलीकडचं काही दिसत नसे.

तिसऱ्या दिवसापासून मी किल्ली मागणं सोडलं आणि तोफ गाठली. तोफेच्या मागे कण्हेरीचं झुडूप होतं, आडोसा बरा होता. दोन्ही पक्ष काहीही म्हणोत, त्या तोफेने इतका नियमित मारा पेशवाईतही पाहिला नसेल. रोज सकाळी अकराला पहिली फैर, साडेबाराला दुसरी.

बाकी उपाय आईचे. "उठल्या उठल्या पाणी पिऊ नगंस. कोरड्या लाह्या चाव. लिंबू हुंगत ऱ्हा. आन पोट रिकामं ठिवू नगंस, रिकामं पोट जास्त ओकवतं," असं तिने एका दमात सांगितलं. मी साळीच्या लाह्या पर्समध्ये ठेवायला लागले. दफ्तरात खायला बंदी. कागदाला मुंग्या लागतात, आणि ते खरंच आहे. म्हणून एकेक लाही तोंडात धरायची, चावायची नाही, विरघळू द्यायची. लिंबू रुमालात. हा नाकाचा रुमाल, दफ्तराचा नव्हे. वामनराव वाचत, मी एका हाताने लिही, दुसऱ्या हाताने हुंगे. एकदा ते वाचता वाचता थांबले. मला वाटलं, झालं. ते म्हणाले, "लिंबाचा रस कागदावर पडला तर शाई उडते," आणि पुढे वाचायला लागले.

याच सुमारास ते पत्र निघालं.

एका सरदारांचं दफ्तर आम्ही उतरवत होतो. सरदारांचं नावही लिहीत नाही. वंशज आहेत, आणि पुण्यात वंशज लवकर चिडतात. सरदार मोहिमेवर, वाडा पुण्यात, आणि वाड्यावरचा कारकून त्यांना छावणीत पत्र पाठवतो आहे. वामनराव वाचत होते. बाईसाहेबांची प्रकृती पंधरा दिवस ठीक नाही. सकाळचं अन्न ठरत नाही. मुदपाकखान्यातून फोडणीचा वास आला की उठून जातात. आंबट मागतात. धाकट्या जाऊबाईंनी चिंच पाठवली, ती तेवढी खाल्ली. वैद्य आले, नाडी पाहिली, हसले, काही बोलले नाहीत. अधिक लिहिण्याजोगं नाही, समक्ष कळेल. खाली एक ओळ, की सरकारची राखी घोडी डावा मागचा पाय टाकत नाही.

मी लिहायची थांबले. माझ्या तोंडात लाही होती, हातात लिंबू होतं, आणि दोनशे वर्षांपलीकडची ती बाई समोर येऊन बसली होती.

हेच पत्र भाऊसाहेबांचा प्राण होता, हे मला तेव्हा कळलं. त्याची एक फाटकी नक्कल त्यांना अकरा वर्षांपूर्वी कुठेतरी मिळाली होती आणि त्यावर त्यांनी सिद्धान्त उभारला होता. बाईसाहेबांवर विषप्रयोग! दीराकडची मंडळी, वाटणीचा वाद, आणि विष दिलं ते चिंचेतून. आता अस्सल मिळाल्यावर त्यांना आनंद मावेना. रोज आमच्या टेबलाशी येऊन पत्राकडे बोट दाखवत. "पाहा! वैद्य हसले आणि बोलले नाहीत. कटात सामील असल्याशिवाय वैद्य हसेल का? आणि 'अधिक लिहिण्याजोगं नाही'. कारकून घाबरलेला आहे हो, अक्षर पाहा कसं थरथरतंय!"

"कागद ओला झालाय," वामनराव म्हणाले.

पण पुस्तिकेचा मजकूर बुधवार पेठेतल्या छापखान्यात गेला होता. संस्थेच्या वार्षिक सभेत व्याख्यान आणि प्रकाशन, एकाच दिवशी. आणि त्याच सभेच्या दुसऱ्या दिवशी कार्यकारिणी माझ्या कायम होण्याचा निर्णय घेणार होती. कार्यकारिणी म्हणजे सहा जण, आणि त्या सहांत बोलणारे भाऊसाहेब.

मी वामनरावांना हळूच म्हणाले, "हे विष नसावं."

"मग काय?"

"ताप असेल काहीतरी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चिंच मागणारा ताप?" मग कागदाची घडी घालत म्हणाले, "हे पाहा बाई. आपल्या नाकाला वास आला म्हणून इतिहास होत नाही. कागद लागतो."

त्या रविवारी मी मंडईत आईकडे गेले. ती पोत्यावर मेथी निवडत होती. मी बाजूला बसले आणि जुड्या बांधता बांधता ते पत्र तिला सांगितलं. सरदार, वाडा, कारकून वगळून. एक बाई आहे, सकाळी अन्न ठरत नाही, फोडणीचा वास चालत नाही, चिंच खाते, वैद्य नाडी बघून हसला.

आईने मान वर केली नाही. "कितवा हाय तिला?"

"काय?"

"म्हैना गं. किती झाले?"

"दोनशे वर्षं झाली, आई."

मग सगळं सांगावं लागलं. विषाचं ऐकून ती इतकी हसली की गिऱ्हाईक दचकलं. "येवढी शिकलेली मान्सं, आन येकालाबी बायको न्हाई व्हय?"

"आहेत गं. पण पत्रात दिवस गेल्याचं लिहिलेलं नाही."

"लिहील कशाला? तिसरा सरला न्हाई तर कोन बोलतंय? तू बोललीस का तुझ्या हापिसात?" आणि जुडी झटकून म्हणाली, "म्होरं बाळंत झाली आसंल की. त्याचं पत्र बघ. घावंल न्हाईतर न्हाई, पर आधी बघ."

ज्या पद्धतीला आमच्या धंद्यात संशोधन म्हणतात ती मला आईने पोत्यावर बसून अर्ध्या मिनिटात शिकवली. आधी काय घडलं असेल ते ओळखा, मग त्याचा कागद कुठे असेल तिथे जा.

बाळंतपणाचा कागद कुठे असेल? आमच्याकडे लढाया, तह, जमिनी यांचे रुमाल वरच्या फळ्यांवर, नंबर घातलेले. लग्नं, बारशी, आजारपणं, लोणच्याच्या बरण्या, हे सगळं एका खोक्यात, खालच्या अंगाला, खळीच्या खोलीत. वर भाऊसाहेबांच्या अक्षरात चिठ्ठी: "किरकोळ".

चार दिवस मी मधल्या सुट्टीत त्या खोलीत बसले. एका बाजूला खळ रटरटते आहे, एका बाजूला किरकोळ. तो वास आजही आठवला की मी खिडकी उघडते. एक रुमाल सोडायचा, तोफेपाशी जायचं, तोंड धुवायचं, परत दुसरा सोडायचा. आठ रुमाल, अकरा फेऱ्या. नववा वाळवीने अर्धा खाल्लेला. त्यात तोच कारकून सापडला, तेच थरथरतं अक्षर. बाईसाहेब प्रसूत होऊन मुलगी झाली, दोघी खुशाल, धाकट्या जाऊबाई दिवसरात्र उशाशी होत्या, नाव काय ठेवायचं ते कळवावं. आणि खाली एक ओळ: राखी घोडी आता चारी पाय टाकते.

आता यात एक अडचण असते. या पत्रांवर महिना असतो मुसलमानी चांद्र, आणि साल बहुधा नसतंच. दोन्ही पत्रं एकाच वर्षातली कशावरून? बाई काय, दहा वेळा बाळंत होऊ शकते. पण घोडी! सरदारांच्या राखी घोडीवर भाऊसाहेबांनी पूर्वी दीड पानाची टीप लिहिली होती. ती कधी विकत घेतली, कोणत्या मोहिमेत लंगडली, कधी बरी झाली, सगळं साल-महिन्यासकट पुराव्यानिशी. बाईसाहेब कितव्या महिन्यात होत्या याची पेशवाईपासून आजवर कुणी नोंद ठेवली नव्हती, घोडीची मात्र होती. जंत्री काढून दोन्ही तारखा जुळवल्या. मधलं अंतर सात महिने.

मुलगा झाला असता तर सरबत्ती झाली असती, बखरीत ओळ आली असती, आणि विष कुणाला सुचलंच नसतं. मुलगी झाली म्हणून किरकोळ.

आता प्रश्न माझा होता. सभेला आठ दिवस. गप्प बसले तर पुस्तिका छापून येणार, जाऊबाई कायमच्या विषारी ठरणार आणि मी कायम होणार. बोलले तर पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कसं कळलं? ज्या जाऊबाईने उशाशी जागरणं केली तिला विष घालणारी ठरवून मी पेन्शनीत निघायचं, हे मला जमेना. पण आईचा खांबही डोळ्यांपुढून जाईना. घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुझी नोकरी, तू ठरव," आणि ताटलीत लाह्या काढून दिल्या.

सोमवारी दोन्ही पत्रं घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलाशी उभी राहिले. पुढ्यात पुस्तिकेची मुद्रितं होती. वामनराव माझ्या मागे येऊन खिडकीशी उभे राहिले, न बोलावता.

"भाऊसाहेब, बाईसाहेबांवर विषप्रयोग झाला नव्हता."

"मग काय झालं होतं?"

"त्यांना दिवस गेले होते."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "जगतापबाई, मी या विषयाचा अकरा वर्षं अभ्यास करतो आहे."

"नऊ महिने पुरले असते," खिडकीतून वामनराव म्हणाले.

मी पत्रं पुढे ठेवली. त्यांनी दुसरं वाचलं. आधी भरभर, मग सावकाश. घोडीच्या ओळीवर बोट थांबलं. स्वतःच्या टिपेशी भांडणं त्यांना शक्य नव्हतं. मग म्हणाले, "पण पहिल्या पत्रात तसा एक शब्द नाही. तुम्हाला हे सुचलं कसं?"

आला प्रश्न. "शब्द नाही, कारण तिसरा महिना सरेपर्यंत बोलत नाहीत."

"कोण बोलत नाहीत?"

"कुणीच नाही. तेव्हाही नाही, आताही नाही." घशाशी आलं होतं, ते गिळलं. "मी तरी कुठे बोलले?"

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या लिंबाकडे, मग खणाकडे.

"म्हणजे ती किल्ली..."

"हो."

"आणि त्रिफळा?"

"कण्हेरीला घातला."

भाऊसाहेब खुर्चीत मागे टेकले. मग चिटणीस जागा झाला. "बाई, अभिनंदन. पण आपलं ठरलं होतं."

"लांबलचक रजा पडली तर विषय संपला, असं ठरलं होतं. मी अजून एकही रजा घेतलेली नाही. उलटीची सुद्धा नाही."

"पण घ्याल ना!"

"घेईन. बाळंतपणाला घेईन आणि परत येईन. माझी जागा मला ठेवा."

ते मान हलवायला लागले. तेवढ्यात वामनराव खिडकी सोडून पुढे आले. महिन्याभराची वाक्यं त्यांनी एकदम खर्च केली. "बसवा बाईंना घरी. आणि तुमचं विष छापा. सभेला मी पहिल्या रांगेत बसेन, घोडीचं पत्र खिशात असेल. व्याख्यान संपलं की उभा राहून एवढंच सांगेन, की चिटणिसांना दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या पोटातलं विष दिसलं, समोर किल्ली मागणारी बाई दिसली नाही."

"वामनराव, हे दडपण आहे."

"आहे."

पुस्तिका थांबली. सभेत व्याख्यान झालंच, विषय तेवढा फिरला. भाऊसाहेबांनी तासभर बोलून एका जुन्या गैरसमजाचं खंडन केलं. तो गैरसमज कुणाचा, हे सांगायचं राहून गेलं. शेवटी म्हणाले, "घरगुती, स्त्रीसुलभ बाबींकडे संशोधकाने तुच्छतेने पाहू नये, हे मी सुरुवातीपासून सांगत आलो आहे." टाळ्या पडल्या. दीराकडचे वंशज पहिल्या रांगेत होते, त्यांनी हार घातला. मी त्या वेळी तोफेमागे होते. टाळ्या मात्र ऐकू आल्या.

पुढे मजकूर बदलून छापलेल्या पुस्तिकेत तळटिपेत एक ओळ होती: या कामी सौ. जगताप यांचे साहाय्य झाले. माझं दुखणं त्या ओळीचं नाही. दुखणं हे, की मुद्रित तपासायला माझ्याच हाती आलं होतं आणि मी तिथे माझ्या आईचं नाव घालायला हवं होतं. धाडस झालं नाही. भाजीवालीचं नाव पाहून ते माझीही ओळ काढतील असं वाटलं. आणखी एक. माझ्या आधी जी बाई वर्ष भरायच्या आत घरी बसली, तिचं सुरेख अक्षर मी हजेरीपुस्तकात रोज पाहायची. ती कुठे राहते ते शोधणं मला अवघड नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला शोधलं, तिला नाही शोधलं.

सभेनंतर वामनरावांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही दुसऱ्यांदा किल्ली मागितलीत तेव्हा. पाच मुलींचा बाप आहे मी." मग चष्मा पुसत, "त्या दिवसापासून तपकीर फाटकाबाहेर जाऊन ओढतो. तुमच्या लक्षात आलं नाही. संशोधक म्हणवता."

कार्यकारिणीने मला कायम केलं. ठरावात "केवळ अपवाद म्हणून" असे शब्द होते आणि बाळंतपणाची रजा तीन महिने. कागद घेऊन मी तडक मंडईत गेले. आईला वाचता येत नव्हतं. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, ओले हात लागू नयेत म्हणून दोन बोटांत धरून.

"म्हंजे जागा गेली न्हाई?"

"नाही."

"बाळंत होऊन आलीस तर दुसरी कुनी बसंल का तिथं?"

"नाही बसणार. लिहून दिलंय."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि मेथी निवडायला लागली. थोड्या वेळाने कोथिंबिरीची जुडी माझ्या नाकाशी धरून विचारलं, "ह्याचा वास येतोय का?" येत होता, आणि चालत होता. तिसरा सरला होता.

मला मुलगी झाली. अडीच महिन्यांची झाल्यावर तिला सासूबाईंकडे ठेवून मी दफ्तरात परत गेले. माझ्या खुर्चीवर वामनरावांनी नववा रुमाल ठेवला होता, म्हणजे कुणी बसू नये. पुढे त्या खोक्यावरची "किरकोळ" ही चिठ्ठी मी काढली आणि त्या रुमालांना नंबर घातले. माझ्यानंतर संस्थेत सात बायका लागल्या, सातही जणी बाळंतपणाला गेल्या आणि सातही जणी आपापल्या जागेवर परत आल्या. ठरावात प्रत्येक वेळी "केवळ अपवाद म्हणून" असंच लिहिलं गेलं. मी त्या खुर्चीत एकतीस वर्षं काम केलं आणि तिथूनच निवृत्त झाले. मोरीची किल्ली आता दाराबाहेर खिळ्याला असते.